फोटोतलं अळू

भाद्रपद लागला की झाशीत दगडालाही पालवी फुटते. किल्ल्याचा कातळ, दतिया गेटाची कमान, नाल्यांचे काठ, रेल्वे क्वार्टरांच्या मागची ओल, जिथे म्हणून चिमूटभर माती साचलेली असते तिथून काहीतरी हिरवं वर येतं. उन्हाळ्यात आमचं हे गाव इतकं भाजून निघालेलं असतं की एवढ्या हिरव्याचं काय करावं ते डोळ्यांना कळत नाही. आणि नेमक्या याच दिवसांत माझा फोन पानांनी भरतो. चहाचं आधण ठेवावं, तोवर कुणीतरी नाल्याकाठचं पान पाठवलेलं असतं. "नंदा जी, ये क्या है?" "वहिनी, हे खातात का हो?" मी चष्मा शोधते, पान मोठं करून बघते, फोन आडवा करून बघते. मला यातलं फारसं कळत नाही असं मी दरवर्षी सांगते, आणि दरवर्षी लोक तो माझा विनय समजतात.

विनय वगैरे काही नाही. मी इलाइट चौराह्याजवळच्या एका विमा कचेरीत आयुष्यभर फायली सांभाळल्या. रानभाज्यांचा नाद लागला तो खाण्यापायी. 'हरी थाली' नावाच्या ग्रुपमध्ये मला कुणी घातलं तेही आता आठवत नाही. ज्या गृहस्थांनी तो काढला होता त्यांची बदली झाली आणि ते मुकाट्यानं ग्रुपमधून निघून गेले. मालक गेला की फोन आपणच दुसऱ्या कुणाला तरी मालक करून टाकतो, हे मला ठाऊक नव्हतं. सकाळी उठून बघते तो माझ्या नावापुढे 'अ‍ॅडमिन' लागलेलं. कुणी निवडलं नाही, कुणी विचारलं नाही. आमचे हे रेल्वेतून रिटायर झालेले. ते म्हणाले, "प्रमोशन झालं म्हणायचं तुझं. पगाराचं काय ते विचारून घे."

तेव्हाचा तो ग्रुप म्हणजे सणाच्या आदल्या दिवशीचा मानिक चौक. भाजी कमी आणि कल्ला जास्त. सुप्रभात, त्याखाली गुलाब, गुलाबावर दवाचे थेंब. मध्येच कुणाचं राजकारण, कुणाचा विकायला काढलेला प्लॉट. भाजीत लसूण घालावा की नाही यावरून एकदा अशी जुंपली की दोघं जुने दोस्त एकमेकांच्या खानदानापर्यंत पोचले. उंटावरच्या शहाण्यांना तर तोटाच नव्हता. त्यात सगळ्यांत पुढे दुबे जी. रिटायर्ड मास्तर, मनानं फार चांगले. कुणी कसलंही पान टाको, यांचं उत्तर तयार. "हओ, बिल्कुल खाओ. हमाई अम्मा बनाउत तीं." दुबे जींच्या अम्मांनी काय काय शिजवलं असेल आणि दुबे जी त्यातून कसे वाचले असतील, याचा मी पुष्कळदा विचार करायची.

मी आवरायला लागले. दुसरं काही येत नव्हतं म्हणून घर आवरतात तसं. सुप्रभात बंद केलं. प्लॉट बंद केले. भांडण पेटलं की दोघांनाही वेगवेगळा फोन करायचा आणि म्हणायचं, "भैया, यहाँ नहीं." लोकांनी नाकं मुरडली. "नंदा जी तो हेडमास्टरनी हो गईं," असं दुबे जी सगळ्यांसमोर म्हणाले, ते त्यांनी प्रेमानंच म्हटलं असावं. पण हळूहळू एक अशी गोष्ट झाली जी माझ्या ध्यानीमनी नव्हती. ज्या बायका इतके दिवस नुसत्या वाचत होत्या त्या बोलायला लागल्या. बरुआसागरकडच्या एकीनं बांधावरची भाजी कशी खुडायची ते लिहिलं, किती कोवळी घ्यायची, पहिलं पाणी का ओतून द्यायचं. ललितपूरच्या एका मुलीनं आपल्या आजीला समोर बसवून तिचा आवाज पाठवला. आजी मध्येच थांबून विचारत होती, "को सुन रओ है?" कोण ऐकतंय. सगळे ऐकत होते. मला आनंद झाला, आणि आपण यात नेमकं काय केलं हेही समजेना. मी तर नुसतं पुसत होते.

कुसुमकाकूंना मीच ग्रुपमध्ये आणलं. नात्यानं त्या माझ्या कुणी नव्हेत. दतिया गेटाच्या आत एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतात. त्यांचं घराणं पुण्याकडून कधीतरी सुभेदारांबरोबर आलेलं, पूजा सांगणारं. त्या काळाबद्दल त्या कालच घडल्यासारखं बोलतात. माझी आई गेली तो पावसाळाच होता. तेरावं झाल्यावर घरात चूल पेटवायचं कुणाच्या मनात येत नव्हतं, तेव्हा काकू पिशवीत अळू घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "नंदा, ऊठ, चिंच भिजव." त्या दिवशी त्यांनी मला अळू ओळखायला शिकवलं. देठ पानाला खाचेत नाही जुळत, जरा आत, पोटाला जुळतो. पानाचं टोक खाली मान घालून असतं. वर पाणी टाकलं तर थेंब घरंगळतो, पान भिजत नाही. मी रडत होते आणि त्या पानावर पाणी टाकून दाखवत होत्या. आई म्हटलं की मला अजूनही आधी तो घरंगळणारा थेंब दिसतो आणि मग आई दिसते. हे बरोबर की चूक, मला माहीत नाही.

अशा काकू ग्रुपमध्ये आल्यावर दुसरं काय होणार? त्यांचा शब्द अखेरचा झाला. त्या मराठी, हिंदी सगळं एका ताटात वाढतात. "अगं बेटा, वो पत्ता नको घेऊ, वो तो कडू असतं," अशी त्यांची उत्तरं. लोकांना ती फार आवडायची. दुबे जीसुद्धा त्यांच्या उत्तराची वाट बघायला लागले.

गेल्या वर्षी चतुर्थीची दुपार. गणपती बसलेले, मोदक झालेले, घरात नारळाचा आणि ओल्या कपड्यांचा वास. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, परसात किंवा रानात आपोआप उगवलेलंच शिजवायचं, म्हणून अळू, मका, भोपळा, घोसाळी एकत्र करून ऋषीची भाजी होते. महाराष्ट्रात हे सगळं बाजारात एका जागी मिळतं म्हणतात. इथे आम्हाला हिंडून गोळा करावं लागतं, त्यामुळे पंचमीच्या आदल्या दिवशी झाशीतली मराठी घरं नाल्याकाठी वाकलेली असतात. तेवढ्यात ग्रुपवर फोटो आला. पाठवणारी रश्मी, रेल्वे कॉलनीतली नवी सून, भुसावळकडची, लग्नाला वर्षही नव्हतं झालेलं. लिहिलं होतं, "क्वार्टरच्या मागे मिळालं. उद्याच्या भाजीला हे अळू चालेल ना? सासूबाई आल्यात, पहिल्यांदाच करतेय."

मी वाचेपर्यंत काकूंचं उत्तर आलेलं. "हो गं बाळा, अळूच. देठासकट घे." त्याखाली अंगठे, हात जोडलेले, फुलं. दुबे जी, "कुसुम जी ने कह दई, तो पत्थर की लकीर."

मी फोटो मोठा केला. पान चकचकीत होतं. टोक आभाळाकडे होतं, पण ते रश्मीनं तसं धरल्यामुळेही असेल. देठ जिथे पानाला जुळतो, नेमका तिथे तिचा अंगठा. बागांमध्ये शोभेला लावतात ते हत्तीकान असंच दिसतं आणि ते पोटात गेलं तर जीभ, घसा सुजतो, कधी श्वासाशी येतं, हे मी कुठेतरी वाचलं होतं. पण हे हत्तीकानच असं छातीवर हात ठेवून सांगता येईना. मी ह्यांना फोन दाखवला. ते म्हणाले, "तुला ओळखता येतं?"

"नाही सांगता येत."

"काकूंना येतं?"

"त्यांनीच तर मला शिकवलं."

"मग तू कशाला मध्ये पडतेस?" हे म्हणाले आणि मोदक घ्यायला गेले.

त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. मी रश्मीला लिहिलं, दुसरा फोटो पाठव, देठाजवळून. उत्तर नाही. फोन केला, उचलला नाही. सासूबाई आलेल्या घरात फोन उचलायला सवड कुठली असणार. आणि इकडे ग्रुपवर लोक भाजीची तयारी सुरू झाल्यासारखे बोलत होते, चिंच किती, मका कधी घालायचा. मी काकूंना फोन लावला, तोही लागला नाही. माझ्या हातात एकच गोष्ट होती, ती मी केली. काकूंचं उत्तर पुसलं. त्या जागी राखाडी अक्षरं आली, हा संदेश अ‍ॅडमिननं काढला. खाली मी लिहिलं, "रश्मी, ही पानं वापरू नकोस. आणि यापुढे फोटो बघून कुणीही कुणाला खा म्हणू नये. नाव सांगा, खा म्हणू नका."

काही वेळानं ग्रुपवर ओळ आली, कुसुमकाकू ग्रुपमधून बाहेर पडल्या.

संध्याकाळी रश्मीचा फोन आला. "नंदाकाकू, मी पानं फेकून दिली नाल्यात. सासूबाई म्हणाल्या, शंका आली की फेकावं. आम्ही नुसता मका-भोपळा करतोय." मला हायसं वाटलं. आणि लगेच, अगदी त्याच क्षणी, आतून कुणीतरी विचारलं, आणि ते अळूच असेल तर? पंचमी झाल्यावर मी क्वार्टरांच्या मागे जाऊन आले. नाला नुकताच साफ केलेला, काठ खरवडलेला, एक पान शिल्लक नव्हतं. तिथे एक बाई कपडे वाळत घालत होती, तिनं विचारलं, "का ढूँढ रईं?" मी म्हटलं, काही नाही.

तेव्हापासून मी या गोंधळात आहे. एखादी गोष्ट घडली नाही, याचा पुरावा काय देणार? कुणाचा घसा सुजला असता तर लोकांनी म्हटलं असतं, बघा, नंदा जी बरोबर होत्या. कुणाचा सुजला नाही, म्हणून मी उगाच एका म्हाताऱ्या माणसाचा अपमान केला असं झालं. दुबे जी घरी आले, चहा घेतला आणि कप खाली ठेवताना म्हणाले, "नंदा जी, बड़ों की बात मिटाई नहीं जाती." मी म्हटलं, "और मुँह सूज जाता तो?" ते म्हणाले, "सूजा तो नईं."

त्याहून जास्त एक गोष्ट मला छळत होती. आधीच्या त्या कल्ल्यात रश्मीनं कधी विचारलंच नसतं. विचारलं असतं तरी विश्वास ठेवला नसता, कारण तिथे कुणीच कुणावर विश्वास ठेवत नव्हतं. ग्रुप आवरला, शहाणी माणसं बोलायला लागली, म्हणून तर ती पान घेऊन आमच्या दारात उभी राहिली. म्हणजे मी आवरलं नसतं तर धोकाही नव्हता का? की आवरायला घेतलं की मग सोडता येत नाही? ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तू फार विचार करतेस." ते खरंच आहे.

मी ठरवलेला नियम मात्र टिकला. कुणी पान टाकलं की लोक आता उलट विचारतात, देठ दाखवा, मागची बाजू दाखवा, कुठे उगवलंय ते सांगा. दुबे जींनी एकदा "बिल्कुल खा" एवढं लिहून स्वतःच पुसलं. मी ते बघितलं. काहीजण ग्रुप सोडून गेले, काही नवे आले. ललितपूरच्या आजी अजून बोलतात. सगळं पूर्वीपेक्षा बरंच आहे आणि काकू नाहीत.

हिवाळ्यात मानिक चौकात त्या एकदा समोर आल्या. हातात मुळ्याची जुडी. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बऱ्या आहात ना तुम्ही?" मला त्यांनी जन्मात कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. मुळे निवडायचं निमित्त करून मी तिथेच उभी राहिले, त्या गेल्या तरी.

यंदाच्या चतुर्थीला दुपारी त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही. "उद्या पंचमी. जेवायला ये." आणि ठेवला.

मी गेले. जिना चढताना खालच्या घरातून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, ओल्या भिंतींचा वास, वरून चिंचेचा. काकूंच्या डोळ्यांवर नवा जाड चष्मा. "मोतीबिंदू काढला," त्या म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांचा. गेल्या साली नुसतं धुकं होतं. कुणाला सांगितलं नाही."

पान एकच मांडलेलं, माझं. काकूंचं जेवण उरकलेलं होतं, त्यांचं ताट मोरीत होतं. पंचमीला त्यांची ही रीत पहिल्यापासूनची. घरची बाई सगळ्यांना वाढून शेवटी बसते, पण काकू या एका दिवशी सगळ्यांच्या आधी जेवून घ्यायच्या, मग बराच वेळ कुणाला वाढायच्याच नाहीत. भुकेलेली माणसं ताटकळत. शेजारपाजारच्या बायका कुजबुजायच्या, मानाचं पहिलं पान यांनाच हवं. मलाही तसंच वाटायचं. इतक्या वर्षांत विचारावंसं वाटलं नव्हतं, आज विचारलं.

"मान कसला गं," काकू म्हणाल्या. "आपण इथले नव्हेत. इथल्या मातीत काय उगवतं, कुठलं अळू, कुठलं अळूसारखं, माझ्या सासूबाईंना तरी पुरतं कुठे ठाऊक होतं? ज्याच्या त्याच्या नाल्याकाठचं आणायचं आणि चार घरच्या पोरांना वाढायचं. म्हणून ज्यानं हो म्हटलं त्यानं आधी खायचं. मग गप बसून राहायचं. घसा खाजला नाही, जीभ जड झाली नाही, की मग पानं मांडायची. सासूबाईंनी तेवढं शिकवलं, मी तेवढं पाळलं."

त्यांनी भाजीचं पातेलं उगाचच ढवळलं.

"त्या पोरीला मी फोनवर हो म्हटलं ना, ते जन्मात पहिल्यांदा न खाता म्हटलं. तिथे खायचं तरी कसं? पान तिच्याकडे, तोंड तिचं, आणि हो मात्र माझं. तू ते पुसलंस तेव्हा इतका राग आला तुझा."

"काकू, ते अळूच असेल कदाचित," मी म्हटलं. मला रडू येत होतं.

"असेल. नसेलही. मला दिसलंच नव्हतं, नंदा."

"मग अजून राग आहे?"

"आहे थोडा. जाईल." त्यांनी वाटी भरून माझ्या पानात ठेवली, वरून तुपाची धार सोडली. "मला परत घे त्या ग्रुपमध्ये. पण हो म्हणायचं काम मला देऊ नकोस आता. नाही म्हणायचं दे."

भाजीतून वाफ येत होती. ती कुठली पानं, कुणी आणली, देठ कुठे जुळला होता, हे सगळं मी ग्रुपवर कुणालाही विचारलं असतं. काकूंना मी काही विचारलं नाही. मी घास घेतला, आणि काकू स्वतः जेवून इतका वेळ झालेला असूनही पळी हातात तशीच धरून माझ्या गळ्याकडे बघत राहिल्या.